बिनव्याजी कर्ज, हातकाम आणि नोकरी: ज्यू समाजातली मदतीची व्यवस्था नेमकी चालते कशी?

उंबरठा यांचा प्रश्न

एका छोट्या समाजाच्या मंडळासाठी मदतनिधीची नियमावली लिहायची आहे. सध्याची पद्धत म्हणजे अडल्या-नडल्याला रोख रक्कम आणि जूनमध्ये वह्यापुस्तकं. दरवर्षी मागायला येणारी घरं बहुतेक तीच असतात, म्हणजे पैसे जातात पण घर उभं राहत नाही. ज्यू समाजात बिनव्याजी कर्जाचे निधी, कामधंदा शिकवणाऱ्या संस्था, नोकरी शोधून देणारी केंद्रं, आजारपणात वस्तू उसन्या देणारी घरं अशी बरीच जुनी आणि टिकलेली व्यवस्था आहे, एवढं माहीत आहे. ती आतून कशी चालते ते हवंय. व्याज नाही तर कर्ज बुडत कसं नाही? जामीन कोण राहतं? काम शिकवायचं तर कोणतं, हे कोण ठरवतं? मदत घेणाऱ्याचं नाव गावभर होऊ नये म्हणून काय करतात? आणि हे सगळं फक्त ज्यूंसाठीच असतं का? मोघम कौतुक नको, नियम आणि खाचाखोचा सांगा.

---

खतावणी

सगळ्या इमारतीचा पाया एका क्रमवारीत आहे, तिथूनच सुरुवात करावी लागेल. बाराव्या शतकात मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने (ज्यू लोक त्यांना रम्बाम म्हणतात) आपल्या धर्मसंहितेत दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या. सर्वांत खालची पायरी म्हणजे कुरकुरत दिलेलं दान. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत असं गुप्तदान बरंच वर, पण तेही दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर काय, तर घसरू लागलेल्या माणसाला देणगी किंवा कर्ज देणं, त्याच्याशी भागीदारी करणं किंवा त्याला काम मिळवून देणं, जेणेकरून त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये. तुमच्या नियमावलीच्या पहिल्या पानावर हेच यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावरून होतात: अर्ज आला की आधी ‘किती द्यायचं’ असं न विचारता ‘कशाने हा माणूस पुन्हा येणार नाही’ असं विचारायचं.

आता जुनी यंत्रणा. तालमूदच्या (ज्यू धर्मनियम आणि त्यांवरच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ) काळापासून गावात दोन वेगळे निधी असत. ‘तमखुई’ म्हणजे रोज गोळा होऊन रोज वाटलं जाणारं अन्न. ‘कुपा’ म्हणजे आठवड्याची रोख पेटी, दर शुक्रवारी वाटप. कुणी कुठून घ्यायचं याची मोजमापं ठरलेली होती. ज्याच्या घरी दोन वेळचं जेवण आहे त्याने तमखुईतून घेऊ नये, ज्याच्याकडे चौदा जेवणांची सोय आहे, म्हणजे आठवडा निभतो, त्याने कुपातून घेऊ नये. नव्याने राहायला आलेल्या माणसाने वर्गणी कधीपासून द्यायची तेही ठरलेलं: तीस दिवसांनी तमखुईला, तीन महिन्यांनी कुपाला, सहा महिन्यांनी कपड्यांच्या निधीला, नऊ महिन्यांनी अंत्यविधीच्या निधीला. तातडीची मदत आणि लांब पल्ल्याची मदत एकाच गल्ल्यातून करायची नाही, हे यातलं शहाणपण. तुमच्या निधीचं दुखणं बहुधा हेच आहे. भाकरीचे आणि भांडवलाचे पैसे एकत्र ठेवले की भाकरीची गरज नेहमी जास्त निकडीची दिसते आणि भांडवल कधी उरतच नाही. दोन खाती करा.

हिशेबाचे नियम तर आजही जसेच्या तसे उचलावेत असे आहेत. कुपाची वसुली दोघांनी मिळून करायची, एकट्याने नाही. वाटप तिघांनी करायचं, कारण कुणाला किती हा निवाडा आहे आणि निवाड्याला तीन माणसं लागतात. वसुली करणाऱ्या दोघांनी बाजारात एकमेकांपासून लांब जायचं नाही. पेटीतली मोड बदलून घ्यायची तर ती दुसऱ्याकडून घ्यायची, स्वतःच्या खिशातून नाही. वसुलीला फिरताना रस्त्यात नाणं सापडलं तर ते स्वतःच्या खिशात घालायचं नाही. दानाच्या थैलीत टाकायचं आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचं, कारण बघणाऱ्याला ते नाणं रस्त्यातलं की थैलीतलं हे कळणार नसतं. प्रामाणिक असणं पुरत नाही, तसं दिसावंही लागतं, आणि याची सोय नियमातच केलेली आहे.

गुप्ततेबद्दल: जेरुसलेमच्या मंदिरात एक खोलीच होती. लोक तिथे जाऊन गुपचूप पैसे ठेवत आणि चांगल्या घरातले पण परिस्थितीने गांजलेले लोक तिथूनच गुपचूप घेत. कोण ठेवायला गेला आणि कोण घ्यायला, हे बाहेरून कळत नसे. आजच्या व्यवस्थेत याचं रूप म्हणजे देणगी, परतफेड आणि मदत या तिन्हींसाठी एकच दार, एकच खिडकी. ‘मदत विभाग’ अशी पाटी असलेलं वेगळं दार करू नका.

---

हातोडी_छिन्नी

खतावणींनी पाया सांगितला, मी कामधंद्याच्या बाजूचं लिहितो.

तालमूदमध्ये बापाची मुलाप्रति जी कर्तव्यं सांगितली आहेत त्यात धर्मग्रंथ शिकवणं आणि लग्न करून देणं यांच्या ओळीतच हातातलं काम शिकवणं येतं. जो मुलाला काम शिकवत नाही तो त्याला दरोडा घालायला शिकवतो, असं रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहूदा यांचं कडक वचन आहे. बापाला जमलं नाही तर ते समाजाने करायचं, यातूनच धंदेशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. सर्वांत मोठी ‘ओआरटी’. १८८० साली रशियात सेंट पीटर्सबर्गला सुरू झाली, कारागिरी आणि शेतीकाम शिकवण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांत, जर्मनीतल्या लँड्सबर्ग आणि बेर्गेन-बेल्झनसारख्या ठिकाणी, तिने शिवणकाम, सुतारकाम, वीजकाम, घड्याळदुरुस्ती असे वर्ग उघडले. छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांकडे कागदपत्रं नव्हती, पूर्वीची ओळख पुसली गेली होती आणि कोणत्या देशात जायचं तेही ठरलं नव्हतं. म्हणून असे धंदे निवडले जे कुठेही चालतात, भाषा फारशी येत नसली तरी पोट भरतात आणि ज्यांची हत्यारं पेटीत मावतात. अभ्यासक्रम संपल्यावर प्रमाणपत्र, म्हणजे नव्या देशात दाखवायला हातात एक कागद.

तुमच्या ‘कोणतं काम शिकवायचं हे कोण ठरवतं’ या प्रश्नाचं उत्तर यात आहे. समितीच्या आवडीवर सोडू नका, शिक्षक उपलब्ध आहे म्हणून वर्ग काढू नका. आधी काम देणाऱ्यांकडे जायचं: कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, कोणतं प्रमाणपत्र मागता, पहिल्या दिवशी माणसाला काय यायला हवं. मग उमेदवाराची चाचपणी: हात किती चालतो, भाषा किती येते, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, प्रवास किती झेपेल. या दोन याद्या जुळतात तिथेच वर्ग काढायचा. बहुतेक योजना फसतात त्या शिकवण्यात नाही, जुळवणीत फसतात. दुसरं फसण्याचं ठिकाण म्हणजे वर्ग चालू असतानाचा खर्च. शिकायला बसलेला माणूस तेवढे दिवस कमावत नाही. शिकवणी फुकट ठेवली आणि घरखर्चाची सोय केली नाही तर तो मधेच पहिली मिळेल ती रोजंदारी धरतो आणि पटावर ‘गळती’ म्हणून नोंद होते. इथेच खतावणी म्हणतात ती दोन खाती एकमेकांना जोडायची.

उत्तर अमेरिकेत याच कामाची ‘ज्यूइश व्होकेशनल सर्व्हिस’ नावाची केंद्रं आहेत, प्रत्येक शहराची स्वतंत्र. बॉस्टनचं १९३८ सालचं, युरोपातून पळून आलेल्यांना नोकरी लावण्यासाठी निघालेलं. टोरोंटोचं १९४७ सालचं. कामाची साखळी साधारण अशी: पहिली सविस्तर मुलाखत, कौशल्याची तपासणी, परदेशी पदवीचं मूल्यांकन, भाषेचा वर्ग, छोटं प्रशिक्षण, अर्ज आणि मुलाखतीची तयारी, मालकाशी गाठ, आणि नोकरी लागल्यावरही पाठपुरावा. शेवटचा टप्पा लोक गाळतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. नव्या नोकरीतली अडचण सुरुवातीच्या आठवड्यांतच येते: पाळी बदलली, साहेबाशी खटका उडाला, पाळणाघर बंद पडलं. तेव्हा एक फोन करणारं माणूस असेल तर नोकरी टिकते.

धर्म पाळणाऱ्या ज्यू उमेदवारासाठी एक खास काम असतं, ते म्हणजे शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, बोलणी. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधीपासून शनिवारी रात्रीपर्यंत काम वर्ज्य. वर इस्रायलबाहेर वर्षात १३ दिवस सणांचे, ज्या दिवशी काम चालत नाही: रोश हशाना २, योम किप्पूर १, सुक्कोत आणि त्याच्या शेवटी येणारे सण मिळून ४, पेसाहचे ४, शावुओत २. यातले काही शनिवारीच येतात, त्यामुळे प्रत्यक्ष रजा कमी लागते. हे सण चांद्र-सौर पंचांगाने येतात, म्हणून इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. मालकाला ‘आमचे सण असतात’ असं मोघम सांगून चालत नाही. त्या वर्षाच्या तारखांची छापील यादी द्यायची आणि सोबत बदली काय देणार तेही लिहायचं: रविवार, नाताळ, इतरांना नको असलेल्या पाळ्या. खरी गोची हिवाळ्यातल्या शुक्रवारांची. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, शब्बाथचे दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लावायचे, म्हणजे घर लांब असेल तर तीनच्या आत निघावंच लागतं. हे ऑगस्टमध्ये नोकरी धरताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि नोव्हेंबरात भांडण होतं. म्हणून केंद्रातला सल्लागार नेमणुकीचं पत्र हाती आल्यावर, पण सही करण्याआधी, हा मुद्दा लेखी मांडायला लावतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार १५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने धार्मिक सोय करून द्यायची असते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या ग्रॉफ विरुद्ध डीजॉय निकालानंतर किरकोळ गैरसोयीचं कारण देऊन मालकाला ती नाकारता येत नाही, धंद्याच्या मानाने मोठा खर्च पडतो हे त्याला दाखवावं लागतं.

केवळ ज्यूंसाठी का, तर नाही. बॉस्टन आणि टोरोंटोसारखी केंद्रं आज कोणत्याही धर्माच्या माणसाला दार उघडतात. त्यालाही आधार जुनाच आहे: गावातल्या ज्यू गरिबांबरोबर इतर गरिबांनाही द्यावं, सलोख्यासाठी, असं तालमूद सांगतो.

---

अष्टागर

महाराष्ट्रात हा विषय निघतो तेव्हा बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, नाव यायलाच हवं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज, म्हणून ‘शनवार तेली’. पुढे मुंबईत आल्यावर घाणा सुटला आणि शिक्षणावर भर आला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. १९६० च्या दशकात ओआरटीचं काम मुंबईत सुरू झालं आणि त्याच दशकात, १९६४ पासून, ‘जॉइंट’ म्हणजे अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटीचं. ओआरटीचा भर धंदेशिक्षणावर, जॉइंटचा म्हाताऱ्या-आजारी माणसांवर आणि समाजकेंद्रावर. समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आहे आणि मागे राहिलेल्यांत वृद्धांचं प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. त्यामुळे इथे नोकरीइतकीच औषधपाण्याची आणि सोबतीची गरज आहे.

एक गोष्ट इथल्या कुटुंबांसाठी मुद्दाम लिहितो, कारण यात अर्ज अडकतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पण केंद्राच्या १९९२ च्या कायद्याखाली अधिसूचित झालेले समाज सहा: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन. त्यात ज्यू नाहीत. म्हणजे राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनेत अर्ज करता येतो, केंद्राच्या योजनेत धर्माच्या रकान्यात आपला पर्यायच सापडत नाही. ‘इतर’ निवडून अर्ज पुढे ढकलू नका, तो बाद होतो. आधी योजना राज्याची की केंद्राची ते बघा.

दुसरी अडचण दाखल्याची. आडनावं गावावरून पडलेली, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, त्यामुळे आडनावावरून धर्म ओळखू येत नाही, सगळा भार शाळेच्या दाखल्यातल्या नोंदीवर. तिथे कुठे ‘ज्यू’, कुठे ‘यहुदी’, कुठे ‘बेने इस्राएल’ असं लिहिलेलं असू शकतं. भावंडांच्या दाखल्यांत वेगवेगळं असेल तर आणखी घोळ. मूल शाळेत आहे तोवर नोंद दुरुस्त करून घेणं सोपं. शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती बदलत नाही. समाजाच्या कार्यकर्त्यांनी दहावीच्या वर्षी प्रत्येक मुलाचा दाखला एकदा नजरेखालून घालावा, ही फुकटात होणारी आणि फार उपयोगी पडणारी मदत आहे.

---

उंबरठा

तिघांचेही मनापासून आभार. दोन खात्यांची गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. पण कर्जाचं अजून नीट सुटलं नाही. व्याज नाही, मग वेळेवर फेडण्याची निकड माणसाला कशी वाटते? हप्ता थकला तर दंड लावता येतो का? जामीनदाराला कधी गाठायचं?

---

खतावणी

व्याजबंदी तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथामध्येच आहे, आणि ती फार लांबपर्यंत नेलेली आहे. कर्जामुळे मिळणारा कोणताही फायदा व्याजात धरतात. एरवी जो तुम्हाला आधी नमस्कार करत नव्हता त्याने कर्ज घेतल्यावर आधी नमस्कार करायला लागणं, हेसुद्धा टाळायला सांगितलं आहे. त्यामुळे उशिराबद्दल दंड ठेवला तर तो मुदतवाढीची किंमत, म्हणजे मागल्या दाराने आलेलं व्याज ठरतो. शिस्त आणायची ती दुसऱ्या तीन गोष्टींनी: कागद, जामीन आणि पुन्हा मिळण्याची खात्री.

कागद आधी. साक्षीदार किंवा लेखी दस्त नसताना पैसे उसने देऊ नयेत, असा तालमूदचा स्पष्ट नियम आहे, घेणारा कितीही जवळचा असला तरी. दस्त नसला की विसरायचा मोह होतो, आणि तो मोह देणाऱ्यानेच समोर ठेवलेला असतो. म्हणून गमाखमध्ये (बिनव्याजी निधीचं हे रूढ नाव) वचनचिठ्ठी, हप्त्यांचं वेळापत्रक आणि पुढच्या तारखांचे चेक किंवा खात्यातून परस्पर वळती होणारा हप्ता, हे सगळं पैसे देण्याआधी पूर्ण करतात. नंतर सही घेऊ म्हटलं की ती होत नाही.

जामीनदार एक किंवा दोन, स्वतःचं नियमित उत्पन्न असलेले. न्यूयॉर्कचा हिब्रू फ्री लोन निधी १८९२ सालचा, लॉस एंजेलिसचा १९०४ सालचा, आणि या प्रकारच्या निधींचा मुख्य आधार जामीनदारच राहिला आहे, तारण नाही. तारणाबद्दल तर कडक मर्यादा आहेत. जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेणं आहे, असं तोरा सांगते. नुसती वरची तळी नेली तरी खालची निरुपयोगी होते, दळण थांबतं आणि फेडणार कशातून? आज हाच नियम शिलाई मशीन, रिक्षा, लॅपटॉप यांना लावा. शिवाय गहाण वस्तू घ्यायला देणाऱ्याने घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, वस्तू कर्जदार स्वतः आणून देईल.

जामीनदाराकडे लगेच जायचं नाही. साधा जामीन असेल तर आधी कर्जदाराकडे मागणी, तिथून वसूल होत नाही हे दिसल्यावर जामीनदार. दोघांपैकी कुणाकडेही सरळ मागता येईल असा जास्त बळकट जामीनही असतो, पण तो दस्तात तसा स्पष्ट लिहावा लागतो. काय ते आधी ठरवा आणि जामीनदाराला सही करण्यापूर्वी वाचून दाखवा. बरेच जण सही म्हणजे ओळखीचा दाखला समजून करतात आणि मग खरी कटकट होते.

हप्ता थकला की पहिल्याच आठवड्यात विचारा. तीन हप्ते थकू दिले की माणूस तुम्हाला टाळायला लागतो. विचारताना एकच माणूस, खाजगीत. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही हे ठाऊक आहे त्याच्यासमोरून मुद्दाम जाऊही नये असा नियम आहे, कारण नुसतं दिसण्यानेही त्याला टोचतं. अशा वेळी हप्ता अर्धा करून मुदत वाढवा, आणि ते नव्या कागदावर घ्या. पूर्ण फेडलेल्याला पुढचं कर्ज मोठं आणि लवकर द्या. निकड वाटते ती यातून: दार पुन्हा उघडायचं असतं, आणि हे पैसे फिरून पुढच्या घरी जाणार आहेत हेही ठाऊक असतं.

धंद्यात मोठी रक्कम घालायची असेल आणि पैसे देणाऱ्याला परतावा हवा असेल तर ते कर्ज म्हणून करतच नाहीत. ‘हेतेर इस्का’ नावाचा करार करून ती रक्कम भागीदारीची गुंतवणूक धरतात, नफ्यातोट्याच्या अटी लिहून. छोट्या निधीने यात पडू नये, तिथे जाणता रब्बी आणि वकील दोघेही लागतात.

खास ज्यू निधीला आणखी एक काळजी घ्यावी लागते, तुम्हाला ती लागू नाही पण अष्टागर यांच्यासारख्यांच्या कामाची आहे. दर सातव्या, श्मिता वर्षाच्या शेवटी येणी कर्जं धर्मनियमाने माफ होतात. त्या भीतीने श्मिता जवळ आलं की लोक कर्ज द्यायचेच बंद झाले, तेव्हा हिल्लेल या प्राचीन धर्मपंडिताने ‘प्रोझबुल’ हा दस्त काढला. येणी धर्मन्यायालयाच्या हवाली करायची, म्हणजे ती खाजगी राहत नाहीत आणि माफ होत नाहीत. मागचं श्मिता वर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, पुढचं २०२९ च्या सप्टेंबरात संपेल.

---

हातोडी_छिन्नी

वस्तू उसन्या देण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. गमाख पैशांचाच असतो असं नाही. चाकाच्या खुर्च्या, पाळणे, लग्नाचे कपडे, खुर्च्या-टेबलं, हत्यारं, सगळ्यांचे असतात. इस्रायलची याद साराह ही संस्था १९७६ पासून वैद्यकीय उपकरणं उसनी देते आणि मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांवर चालते. अनामत रक्कम घ्यायची, वस्तू परत आली की तीही परत.

सुरू करायचं असेल तर एकाच प्रकारच्या वस्तूने करा. प्रत्येक वस्तूवर क्रमांक रंगवा, देताना आणि घेताना दोघांसमोर तपासा, ब्रेक, चाकं, पट्टे, आणि वहीत लिहा. अनामत वस्तूच्या किमतीच्या मानाने फार कमी ठेवली तर वस्तू माळ्यावर पडून राहते, फार जास्त ठेवली तर ज्याला खरी गरज आहे तो येत नाही. परतीच्या तारखेच्या आधी एक आठवण, तारखेनंतर एक. आणि दुरुस्तीचा माणूस पहिल्या दिवसापासून ठरवा, नाहीतर वर्षभरात खोलीत मोडक्या खुर्च्यांचाच साठा होतो.